मधल्या कानातील कोलेस्टिएटोमा: आयुष्मान कार्डावर शस्त्रक्रियेसाठी कागदपत्रे आणि कोड

हा लेख कोणासाठी आहे?

तुम्ही दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम किंवा फरिदाबाद येथे राहता, तुमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे आणि तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या मधल्या कानात "कोलेस्टिएटोमा" किंवा "असामान्य वाढ" आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गलाईच्या, बांधकामाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलेल्या आणि गावाकडचेच कार्ड वापरणाऱ्या कुटुंबांनीही तो वाचावा.

या आजारावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. कार्ड असल्यास ती विनामूल्य होऊ शकते. मात्र मंजुरी देणारा अधिकारी तुमचा कान पाहत नाही, फक्त कागद पाहतो. केसपेपरवर आजाराचे नाव अर्धवट असेल, कोणता कान ते लिहिलेले नसेल किंवा तपासणीचा अहवाल जोडलेला नसेल, तर फाइल शंका काढून परत येते आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. या आजारात असा उशीर परवडत नाही.

हा आजार काय आहे?

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिला मधला कान म्हणतात. तिच्यात ऐकू येण्यासाठी लागणारी तीन नाजूक हाडे असतात. काही वेळा पडद्याचा एक भाग आत ओढला जातो किंवा पडद्याच्या छिद्रातून बाहेरची त्वचा आत शिरते. ही त्वचा आतही नेहमीप्रमाणे मृत पापुद्रे सोडत राहते. बाहेर पडायला वाट नसल्याने ते साचतात, त्यांची पिशवी तयार होते आणि ती वाढत जाते. हाच कोलेस्टिएटोमा. काही मुलांमध्ये तो जन्मापासूनही असतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. हा कर्करोग नाही. कोणी "गाठ" किंवा "ट्यूमर" म्हटले म्हणून घाबरून जाऊ नका.

२. नावात "कोलेस्ट" असले तरी याचा रक्तातील कोलेस्टेरॉलशी किंवा तेलकट खाण्याशी संबंध नाही. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये हे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

३. कर्करोग नसला तरी हा आजार हाड झिजवतो. आधी ऐकण्याची हाडे जातात, मग तोल सांभाळणारा आतला कान, चेहऱ्याची नस आणि शेवटी मेंदूचे आवरण यांना धोका पोहोचतो. थेंबांनी पू थांबतो, पण पिशवी जात नाही.

नेहमीची लक्षणे अशी: कानातून थोडा पण घाण वास येणारा पू, कमी ऐकू येणे, कानात आवाज येणे, कधी रक्ताळलेला स्राव. दुखत नाही म्हणून अनेक जण वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

पुढीलपैकी काही झाल्यास थांबू नका, लगेच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा: तोंड एका बाजूला वाकडे होणे, गरगरून उलट्या होणे, कानामागे सूज येणे, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान आखडणे, गुंगी. योजनेत तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद अपुरे आहेत म्हणून घरी थांबू नका.

"कोड" म्हणजे काय आणि तुम्हाला त्याचे काय?

रुग्णालयाच्या कागदांवर दोन प्रकारचे कोड असतात.

पहिला निदानाचा कोड. रुग्णाला काय झाले आहे, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून तो घेतात. या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती रुग्णालयांच्या ओळखीची आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे.

दुसरा उपचाराचा, म्हणजे पॅकेजचा कोड. रुग्णावर काय करणार आहेत, हे तो सांगतो. आयुष्मान योजनेच्या २०२२ च्या आरोग्य लाभ पॅकेजमध्ये २७ विभाग आणि १,९४९ उपचार आहेत. कान-नाक-घसा विभागाचे कोड "एस एल" या अक्षरांनी सुरू होतात. रुग्णालयाला मिळणारी रक्कम या पॅकेजप्रमाणे ठरते.

हे दोन्ही कोड एकमेकांशी जुळले पाहिजेत. निदान "साधा वाहणारा कान" आणि उपचार "कानामागचे हाड कोरण्याची शस्त्रक्रिया" असे लिहिले, तर तपासणारा अधिकारी विचारणारच: एवढी मोठी शस्त्रक्रिया कशासाठी?

कोड लिहिणे हे तुमचे काम नाही. ते डॉक्टर आणि रुग्णालयाचे कर्मचारी करतात. पण कोड ज्या शब्दांवरून ठरतो, ते शब्द केसपेपरवर आहेत की नाहीत, हे तुम्ही पाहू शकता. नसतील तर डॉक्टरांना विनंती करू शकता.

तुमच्या कागदावर दिसू शकणारे कोड

कागदावर ही अक्षरे इंग्रजीत छापलेली असतात. दहाव्या आवृत्तीनुसार त्यांचे अर्थ असे:

• एच ७१: मधल्या कानातील कोलेस्टिएटोमा. तुमच्या आजाराचा मुख्य कोड हाच.

• एच ६६.२: पडद्याच्या वरच्या भागातून वाहणारा जुनाट, धोकादायक प्रकारचा कान. कोलेस्टिएटोमा बहुधा याच प्रकारात सापडतो.

• एच ६६.१: पडद्याच्या खालच्या भागातून वाहणारा जुनाट कान. डॉक्टर याला "सुरक्षित" प्रकार म्हणतात.

• एच ७२: कानाच्या पडद्याला छिद्र.

• एच ७४.४: मधल्या कानातील पॉलिप, म्हणजे मांसल कोंब. कोलेस्टिएटोमा असलेल्या कानातही असा कोंब दिसू शकतो. त्यामुळे फक्त "पॉलिप" एवढेच लिहून तपास थांबला, तर खरे कारण मागे राहते.

• एच ९५.०: आधी शस्त्रक्रिया झालेल्या पोकळीत पुन्हा झालेला कोलेस्टिएटोमा.

• एच ६०.४: बाहेरच्या कानातील कोलेस्टिएटोमा. नाव सारखे, जागा वेगळी.

• डी १४.०: मधला कान, नाक व सायनस यांतील कर्करोग नसलेली गाठ. सी ३०.१: मधल्या कानाचा कर्करोग. हे दोन्ही कोड कोलेस्टिएटोमाचे नाहीत. तुमच्या कागदावर यातला एखादा दिसला, तर डॉक्टरांना नीट विचारा. चुकून पडला असेल तर तो लगेच दुरुस्त करून घ्या.

दहाव्या आवृत्तीतील एच ७१ या कोडमध्ये उजवा की डावा हे समजत नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सुधारित आवृत्तीत बाजूसाठी वेगळा आकडा असतो, पण इथल्या कागदावर तो असेलच असे नाही. म्हणून "उजवा कान", "डावा कान" किंवा "दोन्ही कान" हे शब्दांत लिहिलेले असणे फार महत्त्वाचे आहे. केसपेपर, श्रवण तपासणी, सीटी स्कॅन आणि संमतीपत्र या चारही कागदांवर एकच बाजू आहे ना, हे स्वतः तपासा. काही डॉक्टर उजव्या कानासाठी "ए डी" आणि डाव्यासाठी "ए एस" असे लिहितात.

गुंतागुंत झाली असेल तर तीही नावानिशी लिहिलेली हवी. उदाहरणार्थ, आतल्या कानाच्या नळीला छिद्र पडले असेल तर एच ८३.१, कानामागच्या हाडात तीव्र संसर्ग झाला असेल तर एच ७०.०. चेहरा वाकडा झाल्यावर कधी कधी घाईत "बेल्स पाल्सी" म्हणजे जी ५१.० लिहिले जाते. बेल्स पाल्सी म्हणजे कारण न सापडलेला चेहऱ्याचा पक्षाघात. कान वाहत असेल तर कारण समोरच असू शकते. म्हणून चेहरा वाकडा झालेल्या रुग्णाने "माझा हा कान इतकी वर्षे वाहतो" हे डॉक्टरांना आधी सांगावे.

"कान फुटला" म्हणू नका

मराठीत आपण वाहणाऱ्या कानाला "कान फुटला" म्हणतो. दिल्लीच्या ओपीडीत हेच शब्द हिंदीत तसेच्या तसे सांगितले, तर समोरच्याला मार लागून पडदा फाटला असे वाटू शकते. मार लागून फाटलेल्या पडद्याचा कोड वेगळा आहे: एस ०९.२. शिवाय इजा म्हटली की ती कशी झाली, पोलिसांना कळवले का, असे प्रश्न येऊ शकतात. पहिल्या दिवशी केसपेपरवर एक चुकीचा शब्द गेला, तर तो पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातो.

हिंदीत "कान बहता है" असे सांगा आणि सोबत या पाच गोष्टी सांगा:

१. कोणता कान: दायाँ म्हणजे उजवा, बायाँ म्हणजे डावा.
२. किती दिवसांपासून किंवा वर्षांपासून वाहतो.
३. पूला घाण वास येतो का, रक्त येते का.
४. ऐकू कमी येते का, चक्कर येते का.
५. या कानावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे का, झाली असेल तर कोणत्या वर्षी.

या पाच उत्तरांवरून डॉक्टरांना इतिहास नेमका लिहिता येतो. शक्य असल्यास ही उत्तरे घरूनच एका कागदावर लिहून न्या.

फाइलमध्ये कोणते कागद हवेत?

ओळखीचे कागद: आयुष्मान कार्ड, आधार कार्ड आणि आधारशी जोडलेला मोबाइल. तिन्हींवर नाव सारखे असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी हे आधीच तपासावे. लहान मुलाचे नाव कुटुंबाच्या यादीत जोडले आहे का, हेही पाहावे.

वैद्यकीय कागद: कान-नाक-घसा विभाग या शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे पुढील कागद तयार करतो.

• ओपीडीचा केसपेपर. यावर निदानाचे पूर्ण नाव, बाजू, कालावधी आणि आधी घेतलेले उपचार असावेत. सूक्ष्मदर्शकाने किंवा दुर्बिणीने कान तपासल्यावर काय दिसले, तेही लिहिलेले असावे.

• श्रवण तपासणीचा आलेख. बंद खोलीत हेडफोन लावून ही तपासणी होते. आवाज हवेतून किती ऐकू येतो आणि हाडातून किती, यातला फरक यात दिसतो. तो फरक मोठा असेल तर दोष पडद्यात किंवा मधल्या कानातील हाडांत आहे असे समजते. आलेखावर तारीख, नाव व तपासणाऱ्याची सही पाहा. फार लहान मुलांसाठी झोपेत करायची वेगळी तपासणी असते.

• कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन. "कोलेस्टिएटोमा असावा" एवढ्यावर अहवाल संपू नये. ऐकण्याची हाडे शाबूत आहेत की झिजली, चेहऱ्याच्या नसेभोवतीचे हाड ठीक आहे का, मेंदू आणि कान यांमधील हाडाचा पातळ पडदा ठीक आहे का, हे त्यात असते. शस्त्रक्रिया का गरजेची आहे, याचा हा मोठा पुरावा आहे. अहवालाबरोबर फिल्म किंवा सीडीही जपा.

• भूल देण्यापूर्वीच्या रक्ताच्या व इतर तपासण्या.

• आधीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, असल्यास.

• संमतीपत्र. यावर शस्त्रक्रियेचे नाव आणि बाजू लिहिलेली नसेल तर कोऱ्या जागेखाली सही करू नका.

शस्त्रक्रियेची नावे समजून घ्या

मंजुरीच्या कागदावर एकाहून जास्त नावे असू शकतात. कानामागचे हाड कोरून आजार काढणे म्हणजे मॅस्टॉइडेक्टमी. पडदा दुरुस्त करणे म्हणजे टिम्पॅनोप्लास्टी. ऐकण्याची हाडे नव्याने जोडणे म्हणजे ऑसिक्युलोप्लास्टी. कोलेस्टिएटोमात बहुधा पहिली करावीच लागते. बाकीच्या दोन कानाची स्थिती पाहून त्याच वेळी किंवा नंतर करतात.

एकाच वेळी एकाहून जास्त शस्त्रक्रियांची पॅकेजेस घेतली, तर सर्वांत मोठ्या पॅकेजची पूर्ण रक्कम, दुसऱ्याची निम्मी आणि तिसऱ्याची पाव रक्कम रुग्णालयाला मिळते. हा हिशेब रुग्णालय आणि योजना यांच्यातील आहे. "दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे योजना पूर्ण देत नाही, फरक तुम्ही भरा" असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. कृत्रिम हाड बसवणार असतील तर ते मंजुरीत धरले आहे का, हे शस्त्रक्रियेआधी आरोग्य मित्राला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मंजुरी कशी होते?

१. योजनेच्या यादीतील रुग्णालयात जा. तेथे आयुष्मानचा कक्ष असतो आणि तेथे आरोग्य मित्र बसतो. यादी आयुष्मान ॲपमध्ये पाहता येते. रुग्णालय यादीत असले तरी त्याचा कान-नाक-घसा विभाग योजनेत आहे का, हे वेगळे विचारा. काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली असू शकतात.

२. आरोग्य मित्र आधारवरून तुमची ओळख पटवतो.

३. डॉक्टर दाखल होण्याचा सल्ला लिहितात. रुग्णालय निदान, पॅकेज आणि कागद ऑनलाइन पाठवते.

४. मंजुरी येते किंवा शंका येते. शंका म्हणजे नकार नाही. कोणता कागद हवा आहे ते विचारा आणि लगेच द्या.

५. शस्त्रक्रिया होते. त्यानंतर ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड तयार होते. काढलेला भाग प्रयोगशाळेत पाठवला असेल तर त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो.

६. रुग्णालय योजनेकडे दावा पाठवते. तो केव्हा मिळतो याच्याशी तुमचा संबंध नाही. दावा अडकला म्हणून रुग्णालय तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही.

एक उदाहरण

समजा, गाझियाबादमधील एका बारा वर्षांच्या मुलीचा डावा कान तीन वर्षांपासून वाहतो. केसपेपरवर फक्त "कान वाहतो, थेंब दिले" एवढेच आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात छपाईच्या चुकीने "उजवा" आले आहे. रुग्णालय मॅस्टॉइडेक्टमीची मंजुरी मागते. फाइल परत येते, कारण निदान नाही आणि बाजू जुळत नाही.

आई दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी करते. सीटी केंद्राकडून दुरुस्त अहवाल घेते, डॉक्टरांकडून निदानाचे पूर्ण नाव, बाजू आणि "तीन वर्षांपासून, औषधांनी बरा नाही" ही ओळ लिहून घेते आणि श्रवण तपासणीचा आलेख जोडते. आता फाइलमध्ये आजार, पुरावा आणि उपचार यांचा मेळ बसतो. मुलीचा आजार तोच आहे, फक्त कागदाने तो आता नीट सांगितला आहे.

दुरुस्ती नेहमी ज्याने कागद दिला त्याच्याकडूनच, सही-शिक्क्यासह करून घ्या. स्वतः खाडाखोड करू नका. पॅकेज मिळावे म्हणून नसलेला आजार लिहून घेणे ही फसवणूक आहे. तशी सूचना कोणी केली तर नकार द्या. नसलेला आजार एकदा तुमच्या नोंदीत गेला की पुढच्या उपचारात तोच आडवा येतो.

कार्डावर किती संरक्षण आहे?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली. यात पूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेता येतात. कुटुंबात किती माणसे असावीत, याला मर्यादा नाही. आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. म्हणून "तुमचा कान जुना आहे, हे बसत नाही" हे कारण चालत नाही.

दिल्ली ५ एप्रिल २०२५ रोजी करार करून या योजनेत आली. दिल्लीच्या लाभार्थी कुटुंबांना केंद्राच्या ५ लाखांवर दिल्ली सरकारचे आणखी ५ लाख, असे एकूण १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात येतात. तेथील कार्ड त्या त्या राज्याच्या यंत्रणेकडून मिळते. हरियाणात ते परिवार पहचान पत्राशी जोडलेले आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभार्थी देशातील यादीवरच्या कोणत्याही रुग्णालयात उपचार घेऊ शकतो. म्हणून गुरुग्रामचे किंवा सांगलीचे कार्डही दिल्लीत चालू शकते. मात्र महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची योजना एकत्र राबवली जाते. तुमचे नाव केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, हे निघण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्या.

काय मिळत नाही?

ओपीडीचा खर्च या कार्डावर मिळत नाही. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे पॅकेजमध्ये येतात. त्यामुळे महिनाभर आधी बाहेर केलेल्या सीटी स्कॅनचे पैसे परत मिळत नाहीत. शक्य असल्यास श्रवण तपासणी आणि सीटी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतून करून घ्या.

कार्ड नसेल तर दिल्लीत दुसरा मार्गही आहे. सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा आणि २५ टक्के ओपीडी आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो.

डिस्चार्जच्या दिवशी काय तपासावे?

घरी जाण्याची घाई असते. तरी दहा मिनिटे काढून डिस्चार्ज कार्डावर पुढील गोष्टी आहेत का ते पाहा:

• निदान आणि बाजू, मंजुरीत होती तीच.
• प्रत्यक्ष केलेल्या शस्त्रक्रियेचे नाव. मंजुरीपेक्षा वेगळी करावी लागली असेल तर कारण.
• शस्त्रक्रियेत काय सापडले: कोलेस्टिएटोमा कुठपर्यंत होता, कोणते हाड काढले, काय बसवले.
• बाहेरच्या कर्णनलिकेची भिंत ठेवली की काढली. हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लागते.
• पुन्हा कधी दाखवायचे आणि दुसरी शस्त्रक्रिया ठरली आहे का.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कोलेस्टिएटोमा पुन्हा होऊ शकतो. मागे काही राहिले आहे का हे पाहण्यासाठी अनेकदा काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी नवी मंजुरी लागते. "दुसरी तपासणी शस्त्रक्रिया नियोजित" असे पहिल्याच डिस्चार्ज कार्डावर असेल, तर एकाच कानासाठी पुन्हा दावा का, हा प्रश्न उभा राहत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येत असल्यास तो आणायला नक्की जा. कर्करोग नाही याचा लेखी पुरावा तोच असतो.

कागद हरवले किंवा रुग्णालय देत नसेल तर?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तीन वर्षांनंतर मागितलेली नोंद मिळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलवर ठेवा.

आभा क्रमांक काढला तर नोंदी डिजिटल स्वरूपात जोडता येतात. आभा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे. आभा असला म्हणजे आयुष्मानचा लाभ मिळतो असे नाही. दोन्ही वेगळे आहेत.

हेच कागद आणखी कुठे उपयोगी पडतात?

• मुलांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व सरकारी शाळांत तपासणी होते. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून तो सुरू झाला. मधल्या कानाचा दाह आणि कमी ऐकू येणे या दोन्हींचा त्यात समावेश आहे. शाळेतील पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी फाइलमध्ये लावा. आजार कधीपासून आहे याचा तो पुरावा ठरतो.

• अपंगत्व प्रमाणपत्रासाठी: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असल्यास व्यक्ती "ऐकण्यास कठीण" या गटात येते. दोन्ही कानांत ७० डेसिबल असल्यास ती कर्णबधिर गटात येते. फक्त एका कानाने कमी ऐकू येत असल्यास व्यक्ती या गटांत बसत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख जपून ठेवा.

तक्रार कुठे करावी?

रुग्णालयाने पैसे मागितले, दाखल करून घेतले नाही किंवा मंजुरी का थांबली हे सांगितले नाही, तर प्रथम आरोग्य मित्राला लेखी विचारा. उत्तर न मिळाल्यास १४५५५ किंवा १८००-१११-५६५ या विनामूल्य क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही स्तरांवर तक्रार निवारण समित्या आहेत. पैसे द्यावेच लागले असतील तर पावतीशिवाय देऊ नका. पावती नसेल तर तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

थोडक्यात

• वाहणारा, घाण वास येणारा कान कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.
• केसपेपरवर तीन शब्द आहेत ना ते पाहा: आजाराचे नाव, बाजू, कालावधी.
• श्रवण आलेख, सीटी आणि संमतीपत्र यांवर बाजू एकच हवी.
• मंजुरीत शंका आली तर कोणता कागद कमी आहे ते विचारून लगेच द्या.
• डिस्चार्ज कार्ड तपासल्याशिवाय रुग्णालय सोडू नका आणि ठरलेल्या तारखांना कान दाखवत राहा, पू थांबला असला तरीही.